रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या घटली म्हणजे नक्की काय झालं?

पायथ्याकडची
नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यातली, आमचं गाव सह्याद्रीच्या अगदी कुशीत, मागे उभा कडा आणि आठ वाड्या अशा पसरलेल्या की एकीतून दुसरीत जायला मधे पऱ्या (ओढा) ओलांडावा लागतो. ग्रामस्थ मंडळाच्या पुस्तिकेसाठी माहिती लिहितेय म्हणून जनगणनेचे आकडे काढले तर रत्नागिरी जिल्हा २००१ ला १६,९६,७७७ आणि २०११ ला १६,१५,०६९. दहा वर्षांत ८१ हजारांवर माणसं कमी, आणि त्याच काळात महाराष्ट्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला! माणसं मुंबईला गेली हे मलाही माहितीय, पण मुंबईला तर आमच्या पणजोबांपासून जातायत आणि १९९१ ते २००१ मधे तर जिल्हा वाढला होता, मग आताच का घटला? आणि हजार पुरुषांमागे ११२२ बायका असं लिहिलंय ते खरं धरायचं का? चुकीचं छापायचं नाहीये.

वाशिष्ठीकाठ
ताई, आकडे बरोबर आहेत. मी २०११ ला चिपळूण तालुक्यात प्रगणक होतो, शाळा सांभाळून वाड्या पालथ्या घातल्यात म्हणून सांगतो. आपल्याकडे माणूस मोजतात तो मोजणीच्या काळात जिथे राहतोय तिथे. ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. आता तुम्हीच बघा, फेब्रुवारीत चाकरमानी गावात असतो का? गणपती होऊन पाच महिने झालेले, त्या वर्षी होळी १९ मार्चला, आणि मे महिना तर लांबच. मी दार वाजवायचो, म्हातारी बाहेर येऊन चार मुलं सात नातवंडं सगळ्यांची नावं सांगायची, आणि मला लिहायचं असायचं एकच माणूस. तिला ते पटायचंच नाही, म्हणायची माझी माणसं का वगळतोस. मला आजही ते आठवलं की बरं वाटत नाही, पण नियम तोच आहे आणि तो बरोबरही आहे, नाहीतर ती माणसं दोनदा मोजली गेली असती.

आता आधी का घटला नाही. पूर्वी बाप्या एकटा जायचा, गिरणीत लागायचा, गिरणगावात गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा, बायको आणि पोरं शेती बघत गावात, मनीऑर्डर यायची. म्हणजे घरातनं एक माणूस वजा व्हायचा आणि पोरं जन्माला यायची ती गावातच मोजली जायची. ८२ च्या गिरणी संपानंतर ते सगळं मोडलं. पुढची पिढी बायकापोरांसकट विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरला गेली, तिथे स्वतःची खोली झाली आणि मुलांच्या शाळा तिथेच. आता पूर्ण घर वजा होतं आणि पुढचा जन्मही तिकडेच धरला जातो. म्हणून घट आता दिसली.

११२२ पण खरं आहे. ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ बायका, जवळजवळ ९३ हजारांचा फरक. पण याचा अर्थ इथे मुली जास्त जन्मतात असा अजिबात लावू नका, ० ते ६ वयात आपल्या जिल्ह्यातही मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. हा फरक कामाच्या वयातल्या पुरुषांच्या जाण्याचा आहे. २००१ ला हाच आकडा ११३६ होता. तो उतरला, कारण माझ्या मते आता बायकाही बरोबर जातायत.

देवगडचो_झील
आमच्या सिंधुदुर्गाचा पण लिहा. ८,६८,८२५ वरनं ८,४९,६५१, आणि बायका हजारामागे १०७९ होत्या त्या १०३६ वर. वरच्या दादांनी सांगितलेलं इथे अजून ठळक दिसतं. आमच्या वाडीत चौदा घरां, आठांक कुलूप. आजी म्हणता, पूर्वी घरात माणूस मावत नव्हतो, आता दिवो लावूक माणूस नाय. एक गोष्ट मात्र कोणी धरत नाही, फेब्रुवारीत आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार असतात, काही तर कुटुंबासकट, पावसाच्या तोंडाला परत जातात. म्हणजे गावचा माणूस मुंबईत मोजला जातो आणि नेपाळचा आमच्या बागेत. बागा त्यांच्याशिवाय चालत नाहीत हे मी मनापासून सांगतो.

आणि हो, जुने आकडे घेताना सांभाळा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्याच्या आधी रत्नागिरी म्हणजे मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत सगळं. १९७१ चं पुस्तक आणि २०११ चं पुस्तक शेजारी ठेवून खोटीच घट छापाल.

जांभा_चिरा
सगळं मुंबईवर घालू नका हो. जमीन बघा ना. घाटमाथ्यापासून समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर, तेवढ्यात पाणी कड्यावरनं उतरून खाडीला लागतं. शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना सगळ्या आखूड आणि उतारावरच्या. खाली जांभा दगड, त्याला भोकंच भोकं, पाणी आत मुरतं पण थांबत नाही, आणि सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट पठारावर, तर नुसता कातळ, माती वीतभर नाही. त्यामुळे तीन साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मे मधे धनगरवाडीला टँकर लागतो. भात एकच पीक, तेही दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या मळ्यात, वर वरकसात (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत) नाचणी वरी व्हायची ती वानर आणि डुकरांनी सोडायला लावली. प्रत्येक पिढीत कुणग्याचे (भाताच्या छोट्या शेताचे) तुकडे पडत गेले. एवढ्यावर घर चालत नाही म्हणून माणूस उठला.

जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला १९७ छापतात त्याने पण गाव कळत नाही. खलाटीत, म्हणजे किनाऱ्याकडच्या सखल भागात, खाडीकाठी घराला घर चिकटलेलं, आणि वलाटीच्या, म्हणजे आतल्या उंच भागाच्या, वर तुमच्याकडे एकेका कोंडावर (छोट्या वस्तीवर) चार घरं. एका गावाच्या आठ वाड्या म्हणजे आठ रस्ते, आठ नळयोजना, आणि शाळा एक. पायथ्याला दरडीची भीती वेगळीच, जुलै २०२१ ला खेडमधे पोसऱ्याला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. त्यानंतर आमच्या ओळखीतली दोन घरं म्हाताऱ्यांना घेऊन खाली बाजारपेठेत आली.

पायथ्याकडची
खूप आभार सगळ्यांचे, एवढं कोणी समजावलं नव्हतं. म्हातारीने नावं सांगितली ते वाचून आमची काकी आठवली, ती अजून दळण काढताना सहा माणसांचं काढते आणि राहते एकटी. मग मी असं करू का, जनगणनेचा आकडा तसाच छापते वर्षासकट, आणि शेजारी आमची स्वतःची मोजणी, वाडीवार घरं किती, बारमाही उघडी किती, फक्त सणाला उघडणारी किती, आणि पडलेली किती?

वाशिष्ठीकाठ
करा, फार कामाचं होईल. २०२१ ची जनगणना झालीच नाही त्यामुळे सरकारी आकडा जुनाच हातात आहे. तुमच्या गावाचा २०११ चा आकडा जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावाच्या नावाने मिळेल, फक्त तो महसुली गावाचा असतो, वाडीचा नाही. मोजणी दोनदा करा, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा गणपतीत, तीच घरं, तीच वही.

जांभा_चिरा
आणि वहीत एक रकाना विहिरीचा ठेवा. कुठल्या वाडीची विहीर कुठल्या महिन्यात तळ दाखवते ते लिहा, मग बंद घरांच्या रकान्याशेजारी ठेवून बघा.

पायथ्याकडची
ठेवते. आमच्या वरच्या वाडीची मार्चमधेच आटते, आणि तिथे अकरातली दोनच घरं उघडी आहेत.