निदान चुकलं तर पेशंटने वकील गाठायचा की नशिबाला बोल लावायचा?

सांजवारा: व्ही. किशन राव खटल्याबद्दल वाचलं. हे गृहस्थ मलेरिया खात्यात अधिकारी. २००२ मध्ये बायकोला ताप आला म्हणून हैदराबादच्या खाजगी रुग्णालयात नेलं. तिथे टायफॉइड समजून औषधं चालू ठेवली, मलेरियाकडे लक्षच नाही. बाई गेल्या. जिल्हा ग्राहक मंचाने २ लाखांची भरपाई दिली, वरच्या दोन्ही आयोगांनी ती नाकारली, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने परत दिली. मलेरिया खात्यातल्या माणसाला आठ वर्षं लागली, तर शेतमजुराचं काय? माझं मत: अशा पेशंटला पहिल्या दिवसापासून फुकट वकील मिळाला पाहिजे.

ओपीडीवाला: म्हणजे प्रत्येक तापामागे एक नोटीस! सुरुवातीला टायफॉइड, डेंग्यू, मलेरिया सगळे सारखेच दिसतात. टायफॉइड पक्का करणारी ब्लड कल्चर तपासणी तालुक्याला कुठून आणू? निदान हुकणं आणि हलगर्जी यांत फरक आहे. जेकब मॅथ्यू निकालात (२००५) सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की नुसता अंदाज चुकला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. धाक वाढवलात तर उद्या साध्या तापालाही सीटी स्कॅन लिहून देऊ, बिल तुम्हीच भराल.

सांजवारा: ब्लड कल्चर राहू द्या. मलेरियाची स्लाइड, म्हणजे रक्ताच्या थेंबाची तपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. औषध लागू पडत नाही हे दिसल्यावरही डॉक्टरने दुसरा विचार केला नाही, तर त्याला अंदाज चुकणं म्हणायचं?

तालुका कोर्ट: फुकट वकील आजही मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात फीही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि लोक वर्षश्राद्ध उरकून येतात. आधी केस पेपर लेखी अर्ज करून मागा, ७२ तासांत द्यायचा नियम आहे. कागद नसेल तर मीही काही करू शकत नाही.

घाटावरचा: हे सगळं खाजगीचं. ज्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तो ग्राहक कायद्यात बसतच नाही, सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता निकालापासून. गरीब माणूस जातो तिथेच, आणि दिवाणी कोर्टाची पायरी त्याला परवडत नाही. तुमची सगळी चर्चा बिल भरणाऱ्यांची चाललीय.

ओपीडीवाला: हा मुद्दा मान्य. पण वकील आला की तडजोडीचा भाव फुटतो, हेही पाहिलंय. तक्रार खोटी निघाली तरी डॉक्टरचं नाव गावभर होतंच.

सांजवारा: वकील नको तर काय, दवाखान्याच्या काचा फोडायच्या? त्याविरुद्ध राज्याने २०१० मध्ये कायदा केला, तो तुम्हाला चालतो.

तालुका कोर्ट: खरी अडचण तज्ज्ञाच्या मताची. किशन राव निकालात प्रत्येक खटल्याला ते लागत नाही असं म्हटलंय, पण गुंतागुंतीचं निदान असेल तर लागतंच. आणि त्याच शहरातला डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून देत नाही.

ओपीडीवाला: मी दिलं होतं एकदा. त्या पेशंटला भरपाई मिळाली. मला मात्र शहरातून रेफरन्स यायचे बंद झाले.