माळकरी माणूस दारू पितो, तर त्यानं माळ उतरवावी का?

पूर्वभागवाला :
आमच्या गल्लीतल्या सप्ताहात यंदा एक प्रकार झाला, त्यावरनं धागा काढतोय. एक काका आहेत, यंत्रमागावर कामाला. गळ्यात तुळशीची माळ, दोन्ही एकादश्या, हरिपाठ तोंडपाठ. पण पगार झाला की पाय गुत्त्याकडं वळतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. रात्रीच्या वीणेच्या पहाऱ्याला त्यांचं नाव होतं. मंडळातल्या ज्येष्ठांनी ते खोडलं आणि वर चारचौघांत सुनावलं, "आधी माळ काढून ठेव, मग काय ढोसायचं ते ढोस."

वीणा नाकारली ते मला पटलं. सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली टेकवत नाहीत, पहाऱ्याचा माणूस शुद्धीत पाहिजे. पण माळ काढ? पाय घसरला म्हणून देवाची खूण उतरवायची, तर घालायला उरणार कोण? गीतेत नवव्या अध्यायाच्या ३०व्या श्लोकात स्वच्छ म्हटलंय, अतिशय दुराचारी माणूसही अनन्यभावानं भजत असेल तर त्याला साधूच मानावं. आणि लांब कशाला, आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढं घ्या. तिथली कान्होपात्रा गणिकेची मुलगी, तिला विठ्ठलानं पायाशी घेतलंच ना?

जुना_टाळकरी :
कान्होपात्रेला यात ओढू नका. तिनं पाप काय केलं? गणिकेच्या पोटी जन्मली हा तिचा दोष नव्हे. कथेप्रमाणं बिदरच्या बादशहाकडं जायची वेळ आली तेव्हा तिनं विठ्ठलापाशी देह ठेवला, पण ती गेली नाही. निष्ठा कशाला म्हणतात ते तिच्याकडनं शिकावं. गुत्त्याच्या समर्थनाला तिचं नाव नको.

श्लोकही पुरता सांगा. ३१व्यात म्हटलंय की असा माणूस लवकरच धर्मात्मा होतो. काकांचं ते लवकर कधी उजाडणार?

अजामिळाचंही लोक असंच करतात. मरताना पोराला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि सुटला, इथवर कीर्तनात ऐकायचं आणि उठायचं. भागवतात पुढं तो घरदार सोडून गंगाद्वारी जाऊन बसतो, साधना करतो, हे कुणी सांगत नाही. नामाच्या बळावर पाप करत राहणं हा तर पद्मपुराणात दहा नामापराधांतला एक अपराध सांगितलाय.

माळ म्हणजे शब्द दिलेला असतो. घालतानाच सांगतात, मद्यमांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान, एकादशी, वारी. तुटली तर ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत जुनी माणसं अन्नाला शिवत नाहीत. नाम घ्यायला कुणी अडवलं नाही. नामाला माळ लागत नाही.

कडकभाकरी :
काय बे मालक, दारूचा वास येतोय म्हणून काका सापडले. व्याजाला वास येत नाही. शेकड्यानं व्याज लावणारे, मापात मारणारे, भावाची जागा दाबून बसलेले किती जण पहिल्या रांगेत टाळ वाजवतात ते मोजा एकदा. खोटं बोलायचं नाही हेबी माळ घालतानाच सांगतात की. त्या सगळ्यांच्या माळा काढल्या तर तुळशीचं पोतं भरंल.

जुना_टाळकरी :
त्यांनीही काढाव्यात. मी कुठं नको म्हणालो?

तलावकाठ :
आम्ही लिंगायत. आमच्याकडं हा प्रश्न असा येतच नाही. इष्टलिंग, म्हणजे अंगावर बांधायचं शिवलिंग, एकदा अंगावर आलं की ते देहाबरोबरच जायचं. माणूस चुकला तर चुकला, लिंग उतरवून ठेवून चुकायची सोय नाही. मला तरी हे जास्त कडक वाटतं. माळ काढली की माणूस मोकळा होतो, इथं दारूच्या दुकानातही ते छातीशीच असतं.

आणखी एक. सिद्धरामेश्वरांच्या गड्डा जत्रेला आपण सगळे अक्षता सोहळ्याला जातो, ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेची गोष्ट अभिमानानं सांगतो. त्याच सिद्धरामेश्वरांची कन्नड परंपरेतली कथा सोलापुरात कमी सांगितली जाते. बाराव्या शतकात ते इथं, तेव्हाच्या सोन्नलिगेत, तलाव खोदवत होते, देवळं बांधवत होते. शरण संत अल्लमप्रभू आले आणि त्यांना सरळ 'वड्डर' म्हणून हाक मारली, म्हणजे माती खोदणारा. शिष्य चिडले, सिद्धरामही चिडले. अल्लमांचा रोख असा की एवढं पुण्य चाललंय, पण त्यातला 'मी' तसाच आहे. आता सांगा, गुत्त्यातनं येऊन मान खाली घालणाऱ्यापेक्षा पुण्याची नोंद ठेवणारा देवाच्या जवळ असतो का?

पूर्वभागवाला :
हेच म्हणायचं होतं मला, तुम्ही बरं मांडलंत.

जुना_टाळकरी :
मान खाली घालणं पगाराच्या दिवशी दिसत नाही हो. आणि सिद्धराम त्यानंतर बदलले, कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, शरणांमध्ये गेले, हेही त्याच कथेत आहे. प्रत्येक गोष्ट तुम्ही मधेच सोडता.

नाव_नको :
एवढा वेळ वाचत होते. इथं देव माफ करतो का, मंडळ माफ करतं का, सगळं झालं. घरच्यांना कुणी विचारलं?

माझ्या घरी असाच माळकरी आहे. शुद्धीवर आला की देवापुढं रडतो, कान धरतो, डोळे पुसून जेवायला बसतो. देवाशी त्याचं मिटलेलं असतं. ज्या पोरीच्या फीचे पैसे गेले तिच्याकडं बघत नाही. माझा हात सुजलेला असतो, त्याच हातानं मी भगर वाढते. त्याला खरंच वाटतं की विठ्ठलानं पदरात घेतलं म्हणजे झालं. ही भक्ती खोटी आहे असं नाही म्हणत मी. खरी आहे, म्हणूनच जास्त त्रास होतो. ढोंगी असता तर सोडून जाणं सोपं गेलं असतं.

वाल्याची गोष्ट सगळ्यांना येते. नारदानं त्याला नाम दिलं ते नंतर. आधी घरी पाठवलं होतं, बायकापोरांना विचारून ये म्हणून. तेवढा भाग माळ घालणाऱ्यांनी सांगत जावा.

कडकभाकरी :
ताई, आधी मारहाणीचं बघा. १८१ महिलांची हेल्पलाइन आहे, फोन लावा. बाकी वाद गेला खड्ड्यात.

बेगमपेठ :
आमच्याकडं तौबेचं, म्हणजे पश्चात्तापाचं, हेच सांगतात. अल्लाहचा हक्क चुकला तर तो अल्लाह माफ करेल. बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क मारला असेल तर आधी त्या बंद्याला परत द्या, त्याची माफी घ्या. ते मधेच ठेवून नुसते डोळे गाळून भागत नाही.

साधा_विचार :
मी देवाच्या भानगडीत नसतो. दारू सुटत नाही हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसवाले, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना, १९३५ पासून हे काम करतात. त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वरही आहे, पण नववी पायरी ज्यांना दुखावलं त्यांची प्रत्यक्ष भरपाई करण्याची आहे. काकांना वीणा द्यायची की नाही यावर एवढी डोकी लागली, त्यांना डॉक्टरकडं न्यायला एक तरी गेला का?

पूर्वभागवाला :
गेलं नाही कुणी, हे खरंय. पण ताई, राग नको, एक विचारतो. माळ काढली असती तर तुमच्या घरात काय फरक पडला असता?

नाव_नको :
काढली होती. असंच कुणीतरी बोललं म्हणून खुंटीला अडकवली. माळ होती तोवर एकादशीला थेंबाला शिवायचा नाही. ती गेली तेव्हा महिन्यातले ते दोन दिवसही गेले. शेवटी मीच त्याच्या गळ्यात घातली. देवाच्या दयेचं मला काही सांगू नका, मला त्या दोन दिवसांशी मतलब आहे.

जुना_टाळकरी :
बाई, यावर मला बोलता येत नाही. नियम बदला असं मी म्हणणार नाही, वीणा तर नाहीच. पण आमच्या मंडळात असा कुणी आला तर मागच्या रांगेत टाळ मिळेल, तो काढून घेणार नाही. माळ काढ हे चारचौघांत बोलू नये, एवढं मंडळाला सांगतो.

नाव_नको :
टाळ द्या. आणि भजन पगाराच्या दिवशी ठेवा, कारखाना सुटायच्या वेळेला. न्यायला दोन माणसं गेटवर पाठवा.