शत्रू मेला, आपण हसलो. चुकलं का?

गोदाकाठचा: रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला जमलो होतो. मित्राने मोबाईल पुढे केला. युक्रेनमधला खंदक, त्यात एकटा रशियन शिपाई, वर घोंघावणारा ड्रोन. हा हातानेच त्याला हुसकावतोय, माशी हाकलावी तसा. मग धूर. वर कुणीतरी ढिंगच्याक गाणं चिकटवलेलं. टेबलावर हशा पिकला. मीही हसलो, तर्रीचा ठसका लागेपर्यंत. घरी आल्यावर मात्र तो हात डोळ्यांपुढून हलेना. घुसखोर होता, मान्य. पण आपण नक्की कशाला हसलो?

कडवट_कांदा: त्याला आवतण कोणी दिलं होतं? २४ फेब्रुवारी २०२२ला रणगाडे घेऊन दुसऱ्याच्या घरात घुसले. हेनिचेस्क गावातल्या एका बाईने तेव्हाच बंदूकधारी शिपायाला सुनावलं होतं, की सूर्यफुलाच्या बिया खिशात ठेव, म्हणजे मेलास की इथे फुलं तरी उगवतील. आता तिलाही संस्कारवर्गात बसवणार का?

गोदाकाठचा: ती बाई बंदुकीसमोर उभी राहून बोलली हो. मी एक्स्ट्रा पाव मागवत होतो.

पंचवटीकर: रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण कचरतो, तेव्हा राम म्हणतो, ‘मरणान्तानि वैराणि’. वैर मरणापाशी संपलं, आता तो जसा तुझा तसाच माझा, कर त्याचे संस्कार. १९४९च्या जिनिव्हा करारात तेच कलम होऊन आलंय : शत्रूचे मृतदेह शोधा, लुबाडू देऊ नका, मानाने पुरा.

कडवट_कांदा: वा! आणि शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, हे पाहुण्यांना हसत हसत कोण सांगतं? ती तर जिवंत होती. कीव्हजवळचं बुचा विसरलात? मार्च २०२२च्या अखेरीस रशियन मागे हटले, तेव्हा रस्त्यांवर साध्या नागरिकांची प्रेतं पडली होती, काहींचे हात मागे बांधलेले. त्यांना कुठला मान मिळाला?

सातपूर_सेकंड_शिफ्ट: खंदकात कोण असतं तेही बघा की. सुटकेच्या आमिषाने आणलेले कैदी, रशियातल्याच बुर्यातिया-तुवासारख्या गरीब मुलखातली पोरं. आणि आपलीसुद्धा, हेल्परची नोकरी म्हणून नेलेली. जानेवारी २०२५मध्ये परराष्ट्र मंत्रालयानेच सांगितलं, रशियन सैन्यात गेलेले १२६ भारतीय, त्यातले १२ मेले, १६ बेपत्ता. आमच्या गल्लीतल्या आयटीआय झालेल्या पोरालाही एका एजंटाने हेच गाजर दाखवलं होतं. आईने पासपोर्ट पिठाच्या डब्यात लपवला म्हणून वाचला. ड्रोनच्या व्हिडिओत हेल्मेटखाली कोण आहे, दिसतं का?

कडवट_कांदा: मग युक्रेनियनाने काय आधी पत्रिका बघायची?

सातपूर_सेकंड_शिफ्ट: त्याने उडवावाच. त्याचं घर आहे. मी तुमच्या हसऱ्या इमोजीबद्दल बोलतोय.

देवळाली_रिटायर्ड: तोफखान्यातला माणूस आहे, म्हणून दोन शब्द. १९९९ला कारगिलच्या लढाईत द्रासला ओपी पार्टीत (तोफांना निशाणा सांगणारी पुढची टेहळणी तुकडी) रेडिओ माझ्या पाठीवर होता. समोरची प्रेतं पाकिस्तान आपली म्हणेना, म्हणे मुजाहिदीन आहेत. खिशात पेबुकं (शिपायाच्या पगाराची पुस्तिका) पाकिस्तानच्याच नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीची! शेवटी आपणच त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केलं. टायगर हिलवर त्यांचा कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हे नाव, हुद्दा नव्हे) असा लढला की आपल्या ब्रिगेडियरने त्याच्या शौर्याची चिठ्ठी लिहून मृतदेहासोबत पाठवली. तिकडे त्याला निशान-ए-हैदर मिळालं, त्यांचं सर्वोच्च शौर्यपदक. घुसखोरच होता तो, आणि आपली पोरं त्यानेही मारली.

पंचवटीकर: हेच म्हणत होतो मी!

कडवट_कांदा: काका, खरं सांगा. वर कोणी हसलंच नाही?

देवळाली_रिटायर्ड: हसलो की. एकाच्या खिशात सिगारेटचं पाकीट निघालं. आमच्यातला एकजण म्हणाला, चला, एवढे दिवस राहिला, भाडं तरी देऊन गेला. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, पोट धरून हसलो. पंचवटीकरांच्या कलमात बसत नाही, ठाऊक आहे. एक सिगारेट चौघांत ओढली आणि मग त्याच्यासाठी दगड गोळा करायला लागलो. तिथे खणता येत नाही.