डांबरापासून इंधन: नुसते ऊर्ध्वपातन पुरत नाही

तपकिरी कोळशाचे (लिग्नाइटचे) डांबर ऊर्ध्वपातित केले, म्हणजे उकळवून त्याची वाफ थंड केली, की पेट्रोल हाती येते, असे निपाणीच्या सदस्यांनी वर लिहिले आहे. त्यात एक दुरुस्ती सुचवतो. ऊर्ध्वपातनाने घटक वेगळे होतात, पण त्यांतील हायड्रोजनची उणीव भरून निघत नाही आणि फिनॉल, गंधक व नायट्रोजनयुक्त संयुगेही तशीच राहतात. त्यासाठी सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाला, हवेच्या दाबाच्या २०० ते ३०० पट दाबाखाली डांबराशी हायड्रोजनचा संयोग घडवावा लागतो.

आपल्याकडे शेंगतेलासारख्या तेलाशी असाच हायड्रोजनचा संयोग घडवून वनस्पती तूप करताना निकेल हा उत्प्रेरक चालतो. डांबरातील गंधक मात्र निकेलला निकामी करते, म्हणून जर्मन रसायनतज्ज्ञांनी गंधकाला दाद न देणारी मॉलिब्डेनम व टंगस्टनची सल्फाइडे वापरली, आणि माझ्या मते या तंत्रातील खरे कौशल्य तेच आहे. बर्गियुस आणि बॉश या जर्मन रसायनतज्ज्ञांना उच्च दाबाच्या पद्धतींसाठी १९३१ चे नोबेल मिळाले. पुढे जर्मनीतील त्साइट्स येथील कारखान्यात अशा डांबरापासून डिझेलबरोबर मेण व वंगणतेलही काढले जात असे.

बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळांना कोक (दगडी कोळसा हवेविना तापवून केलेले इंधन) परिचित आहे. तापलेल्या कोकवर वाफ सोडूनच तेव्हा अशा कारखान्यांसाठी बराचसा हायड्रोजन मिळवला जाई, त्यामुळे खर्चाच्या हिशेबात तो कोळसाही धरावा लागेल.