जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता: ज्ञानपरीक्षा द्यावी की अनुकूलन प्रशिक्षण घ्यावे?

कराडची सिस्टर:
नमस्कार. माझी जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसूतिशास्त्र) ही पदविका झाली असून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे माझी नोंदणी आहे. सहा वर्षांच्या नोकरीपैकी चार वर्षे मी अतिदक्षता विभागात काढली. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातील एका रुग्णालयाने मला घेण्याची तयारी दाखवली आहे आणि मी जर्मनची बी-१ परीक्षा उत्तीर्ण आहे. मात्र माझे शिक्षण तेथील शिक्षणाच्या तोडीचे नसल्याचे पत्र मान्यता कार्यालयाकडून आले असून, त्यात ज्ञानपरीक्षा किंवा अनुकूलन प्रशिक्षण (शिक्षणातील तफावत भरून काढणारे प्रशिक्षण) असे दोन पर्याय दिले आहेत. हा नकार समजावा का? मध्यस्थ परीक्षेचा आग्रह धरत आहेत.

नेकारकाठ:
ताई, हा नकार नव्हे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या बहुतेक परिचारिकांना असेच पत्र येते आणि मान्यता पूर्ण करण्यासाठीचा व्हिसा त्याच्याच आधारे मिळतो. तेथे २०२० पासून सामान्य, बाल आणि वृद्ध परिचर्येचे शिक्षण एकत्र केले आहे. आपल्याकडे प्रसूतिशास्त्र भरपूर शिकवतात, पण वृद्धांच्या दीर्घकालीन परिचर्येचे तास कमी पडतात. अनुभवाने काही तफावत भरून निघू शकते, म्हणून अनुभवपत्रात विभाग, कालावधी आणि प्रत्यक्ष केलेली कामे यांचा तपशील लिहून घ्या. माझ्या जुन्या रुग्णालयाने दोन ओळींचे पत्र दिले आणि ते बदलून घेण्यात माझे चार महिने गेले.

परीक्षेला तोंडी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग असतात. अनुत्तीर्ण झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. प्रशिक्षण सहसा अधिक काळ चालते, परंतु त्याच्या शेवटी अशी दोन भागांची परीक्षा नसून केवळ एक समारोपाची मुलाखत असते. मी परीक्षा दिली. व्हेंटिलेटर सांभाळलेल्या मला तेथे आजोबांना आंघोळ घालताना, त्यांच्याशी बोलत, त्यांची लाज राखत काम करणे अवघड गेले. आपल्याकडे हे नातेवाईक किंवा मावशी करतात, तेथे ती परिचारिकेचीच जबाबदारी आहे. वॉर्डात काही महिने हे काम केल्याशिवाय परीक्षेची घाई करू नका. अधिकृत प्रमाणपत्र मिळेपर्यंत मात्र साहाय्यकाचे काम आणि साहाय्यकाचेच वेतन मिळते, हे घरच्यांना आताच सांगून ठेवा.

पुण्यातील जर्मन शिक्षिका:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण भाषेचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रमाणपत्रासाठी बी-२, म्हणजे बी-१ च्या पुढची पातळी लागेल. ती पातळी शक्यतो येथेच गाठा, कारण तेथे पाळ्या सांभाळून अभ्यास करताना माझ्या विद्यार्थिनी फार थकतात. शिवाय त्या राज्यातील अनेक वृद्ध रुग्ण श्वाबिशसारखी स्थानिक बोली बोलतात, जी पुस्तकात भेटत नाही. पाळी बदलताना रुग्णाची माहिती तोंडी देण्याचा आणि नोंदी लिहिण्याचा सराव रोज करा.

करारावर सही करण्यापूर्वी, नोकरी मध्येच सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, ते कलम शब्दन् शब्द वाचा. न्याय्य भरतीसाठी जर्मन शासनाचे गुणवत्ताचिन्ह आहे. ते असलेल्या संस्थेला भरतीचा खर्च परिचारिकेकडून घेता येत नाही. तुमच्या मध्यस्थांकडे ते आहे का, हे अवश्य विचारा.

कराडची सिस्टर:
दोघींचे मनापासून आभार. मध्यस्थांनी माझ्याकडे भाषावर्गाव्यतिरिक्त ‘प्रक्रिया शुल्क’ही मागितले आहे. ते कशाचे आहे, हे मी उद्याच लेखी विचारते. अनुभवपत्रासाठी सोमवारी मेट्रनना भेटेन आणि तोपर्यंत कोणताही पर्याय कळवणार नाही.