थायरॉइडची गोळी वाढवली तरी टीएसएच चढलाच: डोस वाढवायचा की आणखी काही बघायचं?

पऱ्हाटी
बाई ४२ वर्षांची, वजन ५८ किलो, थायरॉइड कमी. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) ५० मायक्रोग्रॅमवर टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक) ९.१ होता. एप्रिलमध्ये डोस ७५ केला आणि चार महिन्यांच्या गोळ्या तालुक्यावरून एकदमच आणल्या. जुलैअखेरचा टीएसएच १४.२, फ्री टी-फोर (रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक) थोडा कमी. गोळी एक दिवसही चुकत नाही. पहाटे साडेपाचला, निंदणाला निघायच्या आधी, चहासोबत घेते. हिमोग्लोबिन ९ आल्यामुळे मे महिन्यापासून उपकेंद्राची लोहाची गोळीही सुरू आहे. विसरायला नको म्हणून दोन्ही एकदमच.
डॉक्टरांकडे १०० चा डोस मागायचा का? दुसरं म्हणजे, घरचे म्हणतात, "टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढला, आता गोळी बंद कर." त्यांना समजेल असं कसं सांगावं?

वैनगंगा
आत्ता १०० नको. हिशेब बघा. ग्रंथी जवळपास बंद पडली असेल तर पूर्ण डोस साधारण १.६ मायक्रोग्रॅम दर किलोमागे, म्हणजे ५८ किलोला ९३ च्या आसपास. ५० वर टीएसएच ९ होता, म्हणजे ७५ वर तो खाली यायला हवा होता. उलटा चढला, याचा अर्थ बहुधा गोळी पोटात जाते पण रक्तात पुरेशी पोचत नाही.
पहिला संशय लोहावर. लोह आणि लेव्होथायरॉक्सिन आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि औषधाचा मोठा भाग शौचावाटे निघून जातो. कॅल्शियमचंही तेच. दोन्हींपासून किमान ४ तासांचं अंतर हवं. चहा तर लोहाच्याही आड येतो, म्हणजे इथं दोन्ही गोळ्या वाया चालल्या आहेत.
असं करा: उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी साध्या पाण्यासोबत, त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास, चहासुद्धा नाही. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर. पहाटेच्या घाईत हे जमत नसेल तर थायरॉइडची गोळी रात्री झोपताना, पण जेवून ३ तास झालेले हवेत. मग लोह दुपारी. पित्ताची गोळी रोज चालू आहे का तेही विचारा. पोटातलं आम्ल कमी झालं की ही गोळी कमी शोषली जाते.
वेळा सुधारल्यावर ६ ते ८ आठवडे त्याच डोसवर थांबा. टी-फोरचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ) सुमारे ७ दिवस. रक्तातली पातळी स्थिरावायला पाच आठवडे लागतात आणि टीएसएच सोडणारी पियुषिका ग्रंथी त्याच्याही मागून सावरते. आज १०० केले आणि पुढच्या महिन्यात लोहाची वेळ सुधारली, तर डोस जास्त होऊन छातीत धडधड, हात थरथरणं सुरू होईल. बदल करताना डॉक्टरांना कळवाच.

धुरा
गोळ्या कुठं ठेवल्या होत्या? एप्रिलमध्ये आणल्या म्हणजे अख्खा नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) त्यांनी बघितला. टिनाच्या छपराखालच्या फळीवर मे महिन्यात हे औषध टिकत नाही. ऊन, उजेड आणि ओल तिन्हींनी त्याची ताकद कमी होते. पाकिटावर किती अंशांखाली ठेवायचं ते छापलेलं असतं, बहुधा २५ किंवा ३०. जुना साठा वापरू नका, नव्या आणा. उन्हाळ्यात एका महिन्यापुरत्याच आणाव्यात आणि मूळ पाकिटातच, घराच्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात ठेवाव्यात. चुलीजवळ नाही.
घरच्यांसाठी ओलिताचं उदाहरण द्या. वावराच्या टोकाला उभा असलेला माणूस मोटारीवाल्याला हाक मारतो: पाणी आलं नाही, सोड! पाणी जितकं कमी तितकी हाक मोठी. पाणी पोचलं की हाक बंद. टीएसएच ही मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिकेची हाक आहे, थायरॉइडचं पाणी म्हणजे टी-फोर आणि टी-थ्री. टी-फोर थोडा जरी घटला तरी टीएसएच कित्येक पट चढतो. म्हणून १४.२ चा अर्थ पाणी कमी आहे. अशा वेळी गोळी बंद करणं म्हणजे मोटारच बंद करणं.

काळीमाती
धुराभाऊंच्या उदाहरणाला एक जोड, कारण आपल्या भागात हे सुटून जातं. कधी हाक मारणाराच आजारी असतो. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर पियुषिकेचा रक्तपुरवठा तुटून ती सुकते. मग टी-फोर कमी असूनही टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसतो आणि रिपोर्ट "बरोबर आहे" म्हणून बाजूला पडतो. बाळाला दूध आलंच नाही, पाळी परत सुरू झाली नाही, कायम थकवा, बीपी कमी, असं काही असेल तर नुसत्या टीएसएचवर विसंबू नका, फ्री टी-फोर आणि सकाळचं कॉर्टिसॉल (हे संप्रेरकही पियुषिकेच्या हाकेवरच बनतं) दोन्ही तपासायला सांगा. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉइडची गोळी सुरू केली तर जीवावर बेतू शकतं. आधी कॉर्टिसॉलची भर, मग थायरॉइड. या बाईचा टीएसएच चढलेला आहे, म्हणजे तिची पियुषिका हाक मारते आहे.

पऱ्हाटी
गोळ्या फळीवरच होत्या, तेही टिनाखाली. पित्ताची गोळी नाही. घरी सोयाबीनच्या वड्या आणि सोयाबीन मिसळलेलं पीठ असतं, ते बंद करायचं का? आणि आयोडीनचं मीठ वाढवलं तर?

वैनगंगा
सोयाबीन बंद करू नका, तेवढंच स्वस्त प्रथिन आहे. गोळी शोषण्यात ते अडथळा आणतं, म्हणून गोळीच्या वेळेपासून दूर, आणि रोज साधारण सारखंच. एक महिना भरपूर, दुसऱ्या महिन्यात काहीच नाही, असं केलं की डोस बसत नाही.
मीठ वाढवून काही होणार नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदरपणी २५०, आणि रोजच्या स्वयंपाकातलं आयोडीनयुक्त मीठ ते भागवतं. तिची ग्रंथी शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं खराब झाली असेल तर जास्तीचं आयोडीन उलट त्रासदायक ठरू शकतं. फक्त खडे मीठ वापरत असतील तर ते बदलायला सांगा. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब.

धुरा
पुढच्या तपासणीला रक्त आधी, गोळी नंतर. गोळी घेऊन दोन-तीन तासांत रक्त दिलं तर फ्री टी-फोर फुगलेला दिसतो. केस-नखांसाठी बायोटिनची गोळी घेत असेल तर ती दोन दिवस आधी थांबवा, काही यंत्रांवर तिच्यामुळे टीएसएच खोटा कमी येतो. आणि दिवस राहिल्याचं कळलं तर सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर. तेव्हा डोस साधारण पाव ते तीसेक टक्के वाढवावा लागतो.