थांब्यावरचे रांजण

"ग्रामपंचायत हलत नाही तोवर एकट्यादुकट्याच्या कामाने वस्ती सुधारत नाही," असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. नाली, दिवे ही पंचायतीचीच कामं, त्यासाठी भांडायलाच पाहिजे. पण आमच्याकडचं सांगतो.

अमरावती जिल्ह्यातलं आमचं गाव. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. शेजारच्या काकू होळी झाली की एसटी थांब्यावर दोन रांजण मांडतात. मांडणं सोपं आहे, सांभाळणं कठीण. मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरलेलं पाणी उडून जातं, म्हणून आतलं पाणी थंड होतं. शेवाळ धरलं की छिद्रं बुजतात. काकू गुडघे दुखत असतानाही एक दिवसाआड काथ्याने रांजण घासतात, ओलं गोणपाट गुंडाळतात, दुहेरी फडक्यातून गाळून पाणी भरतात. हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी चहावाल्याने वर तुराट्यांचा मांडव घातला. मग पोट्टे हापशीवरून गुंडभर पाणी आणून ओतू लागले. सांडणाऱ्या पाण्यावर कुणी कडुनिंब लावला, तो आता डोक्याच्या वर गेलाय.

गाडगेबाबा याच जिल्ह्यातले, 1876 साली शेंडगावला जन्मलेले. गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे, कीर्तन रात्री.

यंदा एक रांजण तडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी नवा होता. कुणी आणून ठेवला, काकूंना अजून माहीत नाही.